विक्रियाशील प्लाझ्मातील आयनांची द्रव्यमान वर्णपटमिती

सिलेन, कार्बन टेट्राफ्ल्युओराइड यांसारख्या वायूंत विद्युत् विसर्जन घडवून मिळणाऱ्या प्लाझ्मातील आयन द्रव्यमान व विद्युत् भार यांच्या गुणोत्तरानुसार वेगळे करून ओळखण्याची पद्धत. अर्धसंवाहक चकत्यांचे कोरण आणि पातळ थर बसवणे या प्रक्रिया समजून घेण्यासाठी ती मोलाची आहे.

प्लाझ्माला लागून असलेल्या इलेक्ट्रोडमधील केसाएवढ्या बारीक छिद्रातून आयन निर्वात कक्षात येतात. विद्युत् भिंगे त्यांची शलाका एकत्रित करतात, ऊर्जा-गाळणी त्यांची ऊर्जा मोजते, चतुर्ध्रुवी गाळणी द्रव्यमानानुसार निवड करते आणि इलेक्ट्रॉन गुणक त्यांची गणना करतो. चतुर्ध्रुवी गाळणीचे तत्त्व व्होल्फगांग पॉल यांनी 1953 मध्ये मांडले. त्यांना 1989 च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

मापनातून आयनांच्या वायूशी होणाऱ्या विक्रियाही उलगडतात. हायड्रोजन प्लाझ्मात दोन अणूंचा आयन हायड्रोजन रेणूवर आदळून तीन अणूंचा आयन बनतो, म्हणून 3 या द्रव्यमानांकाची रेषा ठळक दिसते. हा आयन जे. जे. टॉमसन यांना 1911 मध्ये धन किरणांत आढळला होता.

ऋण आयन प्लाझ्माच्या धन विभवात अडकून राहतात. स्पंदित प्लाझ्मात वीज खंडित झाल्यावर ते बाहेर पडतात व मोजता येतात.

मात्र 28 या द्रव्यमानांकावर सिलिकॉन, नायट्रोजन रेणू व कार्बन मोनॉक्साइड यांचे आयन एकत्र येतात. छिद्रावर थर साचूनही संकेत घटतो. त्यामुळे उपकरणाचे वेळोवेळी अंशांकन आवश्यक ठरते.