आपला ढोल आपणच

लेखकांचे दोन प्रकार असतात. एकाला प्रकाशक असतो आणि दुसऱ्याच्या दिवाणाखाली गठ्ठे असतात. आमच्या विचुंब्याला इमारती फार झाल्या, आणि इमारत म्हटली की दुसऱ्या प्रकारातला निदान एक तरी लेखक आलाच. आमच्या जिन्यातले एक गृहस्थ निवृत्त झाले आणि लगेच कवी झाले. संग्रह स्वखर्चाने काढला. हल्ली ब्लॉग लिहितात. पहाटे गाढी नदीवर धुके उतरते आणि सहा-पाचला सोसायटीच्या ग्रुपवर त्या धुक्यावरच्या कवितेची लिंक उतरते. पाणी किती वाजता येणार, एवढेच विचारायला मोबाइल उघडणाऱ्याला आधी ती कविता ओलांडावी लागते. मग मंडळी कुरकुरतात, "काय ही जाहिरातबाजी! पूर्वीचे लेखक नव्हते हो असे."

पूर्वीचे लेखक अगदी असेच होते. त्यांना फक्त टपालखर्च पडायचा.

आता ब्लॉग म्हणजे तरी काय? एका माणसाने कोणाला न विचारता, मनाला येईल त्या विषयावर, जमेल तितक्या नेमाने लिहायचे आणि स्वतःच लोकांपुढे मांडायचे. हा शब्द १९९९ सालचा. त्याच साली ब्लॉगर निघाले आणि २००३ साली वर्डप्रेस. वस्तू मात्र आपल्याकडे फार आधीपासून आहे. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या नावाने १०८ पत्रे लिहिली. देशमुख सरकारी नोकर. टोपणनावाची सोय किती मोलाची, हे ज्याला चार ओळी छापायच्या तरी वरून परवानगी आणावी लागते त्यालाच कळेल. मी बँकेत आहे, एवढेच सांगतो.

पण खरा एकहाती कारभार विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा. १८७४ च्या जानेवारीत त्यांनी 'निबंधमाला' हे मासिक सुरू केले. वय चोवीसही पूर्ण नाही, नोकरी सरकारी शाळेत मास्तरची. सात वर्षांत ८४ अंक काढले आणि ते जवळजवळ सगळे एकट्याने लिहिले. बँकेत एक माणूस रजेवर गेला तर आमचे दोन काउंटर बंद पडतात. इथे सगळी शाखाच एकटा माणूस चालवत होता! पुढे सरकारने बदली रत्नागिरीला केली आणि १८७९ साली शास्त्रीबुवांनी राजीनामा दिला. एव्हाना भांडवलाची बाजू त्यांच्या ध्यानात आली असावी. १८७८ साली चित्रशाळा काढली, देवादिकांची आणि ऐतिहासिक पुरुषांची चित्रे छापून विकली. किताबखाना नावाचे पुस्तकांचे दुकान घातले. मग आर्यभूषण छापखाना आणि १८८१ साली 'केसरी'. लिहिणे आपले, छापणे आपले, दुकान आपले. आम्ही बी.कॉम.ला तीन वर्षे घासून जे शिकलो ते या माणसाला उपजतच येत होते. शिवाय ते स्वतःला मराठी भाषेचे शिवाजी म्हणवीत, असे सांगतात. आमच्या जिन्यातले कवी अजून इतके पुढे गेलेले नाहीत. १७ मार्च १८८२ रोजी शास्त्रीबुवा गेले तेव्हा बत्तिसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

याच 'माले'त शास्त्रीबुवांनी ज्यांच्या मराठीची आणि व्याकरणाची यथेच्छ टिंगल केली ते जोतीराव फुले त्याच पुण्यात राहत, आणि तेही आपला ढोल आपणच वाजवणारे. दुसरा इलाजच नव्हता. १८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिले होते, ते कमिटीने नाकारले. साभार परत आले की नुसतेच परत आले, देव जाणे. १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. 'दीनबंधू'ने पहिली दोन प्रकरणे छापली आणि हात आखडता घेतला. 'दीनबंधू' म्हणजे परके पत्र नव्हे, सत्यशोधकांचेच. आपल्यातले घाबरले की माणसाने काय करावे? जोतीराव हस्तलिखित बगलेत मारून निघाले. प्रकरण लिहून होईल तसतसे मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर, वंगणी अशा गावोगावच्या लोकांना वाचून दाखवले. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनीही ते ऐकले आणि मदत केली.

आता डोळ्यांपुढे आणा. समोर दिवसभर राबून आलेला शेतकरी बसलेला, आणि वाचायचे काय, तर त्याच्याच शेतसाऱ्याचा नि कर्जाचा हिशेब. अंगठा वर करून पुढे जायची सोय नाही. पटले तर माणूस बसतो, नाही पटले तर गुरांना पाणी दाखवायला उठतो. आज प्रतिलिपी आहे (२०१४), किंडलवर मराठी पुस्तके आली (२०१६), छपाईचा दमडीचा खर्च नाही. पण किती जण बसले आणि किती उठले हे जोतीरावांना जितके स्वच्छ दिसले तितके कोणत्याही आकड्यांत दिसत नाही. एवढे करून पूर्ण 'असूड' त्यांच्या हयातीत छापला गेला नाही तो नाहीच.

आणि ज्यांना गावोगाव फिरण्याचीही मुभा नव्हती, त्यांचे काय? बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेवर १८८१ साली भ्रूणहत्येचा खटला झाला. पाठोपाठ वर्तमानपत्रांतून समस्त बायकांना नावे ठेवणे सुरू झाले. ताराबाईंनी उत्तरादाखल 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिले. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ते छापले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. टीकेचा मारा झाला. १८८५ साली जोतीरावांनी 'सत्सार' नावाचे छोटे नियतकालिक काढले, त्याचे दोनच अंक निघाले; त्यात त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली. दुसऱ्याने आपला ढोल वाजवावा, असा हा दुर्मीळ प्रसंग. तरी ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. त्या गप्प झाल्या आणि लोकांनीही त्यांना विसरून टाकले.

बँकेत दहा वर्षे कोणी चौकशी केली नाही, की ठेव बेवारस ठरते आणि रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ताराबाईंचे खाते ९३ वर्षे तसेच पडून होते. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा छापून काढले. म्हणजे पाचशेंतली एखादी प्रत कोणीतरी, कुठल्या तरी ट्रंकेत, वाळवीच्या तोंडून वाचवून ठेवली असली पाहिजे. आज बायकांच्या हक्कांविषयी मराठीत काही बोलायचे झाले, की पहिले नाव बहुधा त्याच पुस्तकाचे निघते. इंग्रजीतही त्याचे भाषांतर झाले आहे. नऊ आण्यांत तेवढे मिळत नाही.