एकोणीस वर्षांची मर्यादा : युवक विश्वचषक क्रिकेट स्पर्धेच्या इतिहासाविषयी काही विचार

खेळांच्या स्पर्धा हा इतिहाससंशोधनाचा विषय होऊ शकतो, हे आपल्याकडे अद्याप पुरतेपणी मान्य झालेले नाही. जय-पराजयांच्या नोंदी ठेवण्याचे काम वृत्तपत्रांचे, आणि इतिहासकाराने त्यात वेळ दवडू नये, अशी एक समजूत रूढ आहे. ती सर्वस्वी चुकीची आहे असे प्रस्तुत लेखकास म्हणावयाचे नाही. केवळ धावसंख्यांच्या कोष्टकांतून इतिहास निघत नाही, हे खरेच आहे. परंतु एखादी स्पर्धा कोणी, कोणत्या निमित्ताने व कोणासाठी भरविली, तिच्यात कोणास प्रवेश होता व कोणास नव्हता, हे प्रश्न विचारले म्हणजे तीच कोष्टके निराळी दिसू लागतात. एकोणीस वर्षांखालील खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेट स्पर्धेकडे या दृष्टीने पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे. या स्पर्धेचे वैशिष्ट्य असे की, तिचा पाया खेळातील कौशल्यावर जितका आहे तितकाच एका कागदावर, म्हणजे जन्मतारखेच्या दाखल्यावर, आहे.

प्रारंभ १९८८ च्या फेब्रुवारी महिन्यापासून करणे सोयीचे होईल. त्या महिन्याच्या २३ ते २५ या तारखांना मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या आंतरशालेय स्पर्धेचा उपान्त्य सामना चालू होता. शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन विद्यार्थ्यांनी सेंट झेवियर्स शाळेविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, ती याच सामन्यात. तेंडुलकर त्या वेळी चौदा वर्षांचे होते, कांबळी सोळा वर्षांचे. यानंतर तीनच दिवसांनी, २८ फेब्रुवारीस, ऑस्ट्रेलियात युवकांची पहिली विश्वचषक स्पर्धा सुरू झाली. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. पण कुमारवयीन क्रिकेटच्या दोन व्यवस्था त्यांतून शेजारी शेजारी दिसतात. एक शाळेच्या पोटी जन्मलेली व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेली. दुसरी राष्ट्राच्या नावाने खेळावयाची आणि त्या महिन्यात प्रथमच अस्तित्वात येत असलेली.

ही दुसरी व्यवस्था ज्या निमित्ताने जन्मास आली ते निमित्त क्रिकेटचे नव्हते. २६ जानेवारी १७८८ रोजी इंग्लंडमधून बंदिवान घेऊन निघालेला जहाजांचा पहिला ताफा सिडनीच्या खाडीत उतरला. त्याला दोनशे वर्षे पूर्ण झाली म्हणून ऑस्ट्रेलियात १९८८ हे वर्ष द्विशताब्दीचे म्हणून साजरे होत होते. युवक स्पर्धा हा त्या उत्सवाचा एक भाग होय. तिच्या अधिकृत नावातच 'द्विशताब्दी' हा शब्द होता आणि त्याच्या आधी मॅकडॉनल्ड्स या खाद्यगृह-कंपनीचे नाव होते. साम्राज्याची आठवण आणि व्यापारी आश्रय एकाच मथळ्यात यावेत, हा योग बोलका आहे. सामने मोठ्या शहरांपेक्षा मरे नदीच्या काठच्या मिल्ड्युरा, रेनमार्क, बेरी अशा गावांत अधिक झाले. कालव्यांच्या पाण्यावर द्राक्षे व संत्री पिकविणारी ही गावे. मिल्ड्युरा व रेनमार्क या दोन्ही वसाहती १८८७ मध्ये स्थापन झाल्या, म्हणजे त्यांचे वय पुरते एका शतकाचे. वसाहतीच्या यशाचे प्रदर्शन करावयाचे तर याहून योग्य स्थळे क्वचितच सापडली असती.

या उत्सवाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. त्याच २६ जानेवारीस सिडनीमध्ये मूळ रहिवाशांनी व त्यांच्या पाठीराख्यांनी प्रचंड निषेध-मोर्चा काढला. क्रिकेटपुरते बोलावयाचे तर, ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला गेलेला पहिला संघ हा गोऱ्या वसाहतवाल्यांचा नसून १८६८ मधला मूळ रहिवाशांचा संघ होता. त्याने तेथे ४७ सामने खेळून १४ जिंकले, १४ गमावले आणि १९ अनिर्णित ठेविले. द्विशताब्दीच्याच वर्षी या दौऱ्याच्या स्मरणार्थ मूळ रहिवाशांचा एक संघ जॉन मॅक्ग्वायर यांच्या नेतृत्वाखाली पुन्हा इंग्लंडला गेला. युवक स्पर्धेच्या कथनात हा धागा बहुधा येत नाही. तो यावयास हवा.

स्पर्धेत आठ संघ होते. कसोटी खेळणारे सात देश आणि आठवा, आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या सहयोगी सभासद देशांतील मुलांचा मिळून केलेला एक संयुक्त संघ. या आठव्या संघाला राष्ट्र नव्हते, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी. दक्षिण आफ्रिका नव्हती. वर्णद्वेषी धोरणामुळे १९७० पासून ती बहिष्कृत होती. अंतिम सामना १३ मार्च रोजी ॲडलेड येथे झाला व ब्रेट विल्यम्सच्या शतकाच्या बळावर यजमानांनी पाकिस्तानला पाच गडी राखून हरविले. भारताला उपान्त्य फेरी गाठता आली नाही. खेळलेल्या मुलांची नावे आज वाचली म्हणजे पुढच्या पंधरा वर्षांचे जागतिक क्रिकेट डोळ्यांपुढे उभे राहते : ब्रायन लारा, मायकेल आथर्टन, नासर हुसेन, इंझमाम-उल-हक, मुश्ताक अहमद, सनथ जयसूर्या, ख्रिस केर्न्स, आणि आपल्याकडील व्यंकटपती राजू व नयन मोंगिया. मात्र ज्याने अंतिम सामना जिंकून दिला व स्पर्धेत सर्वाधिक धावा केल्या त्या विल्यम्सला ऑस्ट्रेलियाच्या कसोटी संघात स्थान कधीच मिळाले नाही. कुमारवयातील यशावरून भविष्य वर्तविणाऱ्यांनी ही दुसरी नोंदही वाचावी.

निमित्त संपले आणि स्पर्धाही संपली. पुढची दहा वर्षे ती भरलीच नाही. राहुल द्रविड, सौरव गांगुली, रिकी पाँटिंग, जॅक कॅलिस ही सारी पिढी या दशकात कुमारवयातून गेली व या स्पर्धेवाचून मोठी झाली. तेव्हा उत्तम खेळाडू घडण्यास अशा स्पर्धेची अपरिहार्य गरज आहे, हे विधान इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. गरज निराळ्याच दिशेने उत्पन्न झाली. १९९१ मध्ये दक्षिण आफ्रिका परिषदेत परतली. १९९७ मध्ये जगमोहन दालमिया परिषदेचे अध्यक्ष झाले आणि खेळाचा प्रसार नव्या देशांत करण्याचे धोरण जोराने पुढे आले. १९९८ च्या आरंभी दक्षिण आफ्रिकेत भरलेली दुसरी स्पर्धा या दोन्ही घटनांच्या संगमावर उभी आहे. दहा वर्षांपूर्वी ज्या देशाला दार बंद होते तो आता यजमान होता, आणि संघ आठाऐवजी सोळा होते. बांगलादेश, केनिया, नामिबिया, स्कॉटलंड, आयर्लंड, डेन्मार्क, पापुआ न्यू गिनी : संयुक्त संघातील मुलांना आता आपापली राष्ट्रे मिळाली होती. जोहान्सबर्ग येथील अंतिम सामन्यात इंग्लंडने न्यूझीलंडचा सात गडी राखून पराभव केला.

१९९८ मध्ये पहिल्या फेरीत मागे पडलेल्या संघांसाठी जी दुय्यम स्पर्धा ठेविली होती ती बांगलादेशाने जिंकली. दोन वर्षांनी त्या देशाला कसोटीचा दर्जा मिळाला. २००४ व २०१६ मध्ये तो यजमान झाला आणि ९ फेब्रुवारी २०२० रोजी पॉचेफस्ट्रूम येथे अकबर अलीच्या नेतृत्वाखाली भारताला तीन गडी राखून हरवून त्याने विश्वचषक मिळविला. बावीस वर्षांची ही वाटचाल. अफगाणिस्तान २०१० मध्ये प्रथम आला आणि २०१८ व २०२२ मध्ये उपान्त्य फेरीपर्यंत पोचला. नव्या क्रिकेट-राष्ट्रांच्या दृष्टीने ही स्पर्धा मोठ्यांच्या विश्वचषकापेक्षा अधिक उदार ठरली, असे म्हणावयास हरकत नाही. भारताच्या विजयांची कथा सर्वपरिचित आहे (२०२२ पर्यंत : २०००, २००८, २०१२, २०१८, २०२२). ती येथे पुन्हा सांगत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. एकोणीस वर्षे म्हणजे काय? स्पर्धेचा नियम सरळ आहे. १ सप्टेंबर ही तारीख आधारभूत धरली जाते. २०२४ च्या स्पर्धेसाठी १ सप्टेंबर २००४ रोजी वा त्यानंतर जन्मलेला मुलगा पात्र होता. परंतु हा नियम, प्रत्येक मुलाची जन्मतारीख निश्चितपणे ज्ञात असते, असे गृहीत धरतो. हे गृहीतक ज्या समाजांत नोंदणीची परंपरा जुनी आहे तेथे खपून जाते. आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा, आणि त्यानंतरही खेड्यापाड्यांत जन्मतारीख ठरविण्याचे काम दीर्घकाळ शाळेच्या गुरुजींकडे होते. महाराष्ट्रात १ जून ही किती लोकांची जन्मतारीख आहे, हे कोणत्याही कचेरीतील सेवापुस्तके चाळणाऱ्यास ठाऊक आहे. शाळा जूनमध्ये उघडे. मूल दाराशी आले की डोक्यावरून हात फिरवून कान पकडता येतो की नाही ते पाहावयाचे आणि १ जून लिहून टाकावयाचे. यात लबाडी नव्हती. अज्ञान व सोय होती. पण अशी सोयीने लिहिलेली तारीख पुढे आंतरराष्ट्रीय पात्रतेचा निकष होऊन बसली, म्हणजे प्रामाणिक अंदाज आणि हेतुपुरस्सर केलेली वयचोरी यांतील सीमारेषा पुसट होते.

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने यावर २०१२ पासून, सोळा वर्षांखालील स्पर्धांसाठी, शास्त्रीय उपाय योजिला. डाव्या हाताच्या व मनगटाच्या हाडांचे क्ष-किरण चित्र घेऊन त्यावरून वय ठरविण्याची ही टॅनर-व्हाइटहाउस पद्धती. तिची तिसरी सुधारित आवृत्ती २००१ मधील आहे. पण येथे एक सूक्ष्म अडचण आहे. या पद्धतीने मुलग्यांच्या हाडांची वाढ सुमारे साडेसोळाव्या वर्षी पूर्ण झाली असे मानले जाते; त्यापुढील वय ती सांगू शकत नाही. म्हणजे एकोणीस वर्षांची मर्यादा हाडांवरून तपासता येतच नाही. ती सोळाव्या वर्षापूर्वीच्या तपासणीवर आणि अखेर कागदावरच विसंबून राहते. शिवाय हाडांचे वय आणि जन्माचे वय एक असतेच असे नाही. लवकर वाढणारा मुलगा निर्दोष असूनही बाद ठरू शकतो. तेव्हा ज्याच्या घरी दाखला नीट जपलेला नाही, त्याच्याच हाडांना साक्ष द्यावी लागते आणि ती साक्ष कधी कधी चुकते. या व्यवस्थेला पर्याय काय, हे सांगणे कठीण आहे. पण तिची किंमत कोण देतो, हे तरी आपण विसरू नये.

डिसेंबर २०१५ मध्ये पतौडी स्मृतिव्याख्यानात राहुल द्रविड यांनी, त्या वेळी युवक संघाचे प्रशिक्षक असताना, या वयचोरीवर कठोर टीका केली. पुढच्याच वर्षी मंडळाने एका खेळाडूस एकाच युवक विश्वचषकात खेळता येईल असा निर्बंध घातला. त्यापूर्वी मुंबईचा सर्फराज खान २०१४ व २०१६ अशा दोन स्पर्धांत खेळला होता. या निर्बंधाने वयाचा प्रश्न सुटला नाही, परंतु स्पर्धा ही मुक्कामाची जागा नसून जाण्याची वाट आहे, एवढे तरी मान्य झाले. स्वतः द्रविड यांना ही वाट कधी मिळाली नव्हती.

वयाच्या मर्यादेला एक नैतिक अर्थही चिकटलेला आहे : ही 'मुले' आहेत, म्हणून त्यांनी अधिक निर्मळपणे खेळावे, अशी अपेक्षा. २ फेब्रुवारी २०१६ रोजी चितगाव येथे तिची परीक्षा झाली. झिंबाब्वेला शेवटच्या षटकात विजयासाठी तीन धावा हव्या होत्या व एकच गडी शिल्लक होता. वेस्ट इंडिजच्या कीमो पॉलने चेंडू न टाकता, आपल्या बाजूच्या फलंदाजाची बॅट रेषेच्या आत नाही असे पाहून, यष्टीवरील बेल्स उडविल्या. तिसऱ्या पंचांनी फलंदाज धावचीत असल्याचा निर्णय दिला. वेस्ट इंडिजचा संघ उपान्त्यपूर्व फेरीत गेला आणि पुढे भारतास हरवून विश्वविजेता झाला. या कृतीवर ज्येष्ठ खेळाडूंनी जो गदारोळ केला त्यात त्या मुलांच्या वयाचा उल्लेख वारंवार होता; जणू नियम प्रौढांसाठी व संकेत मुलांसाठी. १९४७ मध्ये सिडनीला विनू मंकड यांनी बिल ब्राउन यांस असेच बाद केले आणि त्यांचे नाव या प्रकारास कायमचे चिकटले. त्याच मंकड यांच्या नावाने भारतात एकोणीस वर्षांखालील मुलांची एकदिवसीय स्पर्धा भरते, हा विरोधाभास आपल्या टीकाकारांच्या ध्यानात आला नाही. नियमकर्त्यांनी २०२२ मध्ये हा प्रकार 'अनुचित खेळ' या प्रकरणातून काढून साध्या 'धावचीत' प्रकरणात घातला. मुलाने जे केले ते सहा वर्षांनी नियमपुस्तकाने निःसंकोच मान्य केले!

महाराष्ट्राच्या संदर्भात एक निरीक्षण मांडतो. हॅरिस शील्डची परंपरा मुंबईची. २०१८ चा विजयी कर्णधार पृथ्वी शॉ हा तिचाच वारस. परंतु २०१४ मध्ये भारताचे नेतृत्व करणारा विजय झोल जालन्याचा, २०२२ च्या विजयी संघातील वेगवान गोलंदाज राजवर्धन हंगरगेकर तुळजापूरचा आणि २०२४ मधील सचिन धस बीडचा. बेनोनी येथील उपान्त्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २४५ धावांचे लक्ष्य असताना भारताचे चार गडी ३२ धावांत गेले होते. धसने ९६ धावा करून कर्णधार उदय सहारनसह १७१ धावांची भागीदारी केली आणि सामना दोन गडी राखून जिंकला गेला. त्याच संघातील अर्शिन कुलकर्णी सोलापूरचा. एवढ्यावरून क्रिकेट मुंबईहून मराठवाड्यात सरकले असा सिद्धांत मांडणे उतावळेपणाचे होईल. तीनचार नावे म्हणजे प्रवाह नव्हे, आणि झोलला भारताच्या ज्येष्ठ संघात प्रवेश मिळाला नाही, हेही त्याच हिशेबात धरावे लागेल. तथापि या गावांत खेळपट्ट्या कोणी तयार केल्या, चेंडूंचा व प्रवासाचा खर्च कोणी सोसला, आणि मुलाला शाळेतून सुट्टी कोणी दिली, याची साधने अद्याप जिवंत माणसांच्या आठवणीत आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ती लिहून घ्यावीत. त्याबरोबर जिल्हा परिषदेच्या शाळांतील जनरल रजिस्टरेही पाहावीत. १ जूनच्या नोंदी कोणत्या दशकात विरळ होत गेल्या, हे त्यांवरून मोजता येईल.