कुंटची नळी आणि अधांतरी कण

वायू व घन कण यांच्यातील अभिक्रिया अभ्यासताना पात्राची भिंत हा नेहमीच नकोसा असा तिसरा पक्ष असतो. ती उष्णता शोषते, कणाचा काही भाग झाकते, प्रसंगी स्वतःच उत्प्रेरक ठरते. कण ध्वनितरंगांवर तोलून ही भिंत दूर सारण्याची पद्धत विसाव्या शतकात सिद्ध झाली. तिचे मूळ मात्र निराळ्याच प्रश्नात आहे.

१८६६ मध्ये आउगुस्ट कुंट यांनी आडव्या काचनळीत लायकोपोडियमची पूड पसरून दांड्याच्या कंपनांनी आतील वायूत स्थिर तरंग उत्पन्न केले. पूड समान अंतरांवर ढिगांत गोळा झाली. लगतच्या दोन ढिगांतील अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी. तीवरून त्या वायूतील ध्वनीचा वेग निघे. १८७६ मध्ये कुंट व वारबुर्ग यांनी याच युक्तीने पाऱ्याची वाफ एकाणवीय असल्याचा पुरावा मिळविला. तथापि पूड नळीच्या तळाशीच होती. ती उचलणे हा त्यांचा हेतूच नव्हता.

ते १९३३ मध्ये घडले. ब्यूक्स व म्युलर यांनी स्पंदमान क्वार्ट्झच्या ध्वनिक्षेत्रात अल्कोहोलचे सूक्ष्म थेंब अधांतरी राहिलेले पाहिले. (यास ‘उत्प्लावन’ म्हणू नये, तो शब्द आर्किमिडीजच्या तत्त्वाशी बांधला गेला आहे.) १९३४ मध्ये लुई किंग यांनी गोलावरील प्रारण-दाबाचे गणित मांडले, परंतु त्यात वायूची श्यानता वगळली होती.

रसायनशास्त्रज्ञाला नेमकी तीच नडते. कुंटच्या नळीतील वायूच्या ज्या मंद अभिसरणाची उपपत्ती रॅली यांनी १८८४ मध्ये दिली, ते श्यानतेतून उद्भवते आणि अधांतरी कणाभोवतीही असते. ते कधी कणाकडे ताजा वायू वेगाने आणते, कधी कणातून निघालेली वाफ भोवऱ्यात अडकवून ठेवते. मोजलेला अभिक्रियावेग मग स्थिर वायूतील वेग उरत नाही.

दुसरी अडचण ही कुंट यांच्या यशाचीच उलट बाजू होय. २०° से. तापमानास ध्वनीचा वेग हवेत सेकंदास सुमारे ३४३ मीटर, तर कार्बन डाय-ऑक्साइडमध्ये सुमारे २६७ मीटर असतो. २० किलोहर्ट्झ कंप्रतेस अर्धी तरंगलांबी ८.६ मिलिमीटरवरून ६.७ वर येते. चुन्याच्या कणाभोवतीची हवा काढून हा वायू सोडू लागताच परावर्तकही सरकवावा लागतो. अन्यथा अनुनाद तुटतो आणि अभिक्रिया सुरू होते न होते तोच कण खाली पडतो.