लोकर, कातडे आणि प्रथिनांचा पीळ

प्रथिनांची साखळी मळसूत्रासारखी वळते, हे ज्ञान विज्ञानाला लोकर आणि कातडे या दोन जुन्या धंद्यांच्या आश्रयाने मिळाले. इंग्लंडमधील लीड्स हे लोकरी कापडाचे शहर. तेथील विद्यापीठात विल्यम अ‍ॅस्टबरी १९२८ मध्ये वस्त्र-भौतिकी शिकवण्यासाठी आले. लोकरीच्या तंतूंवर क्ष-किरण सोडून उमटणारी चित्रे तपासताना त्यांना दिसले, की ओली लोकर ताणली की चित्र बदलते आणि सैल सोडली की मूळचे चित्र परत येते. म्हणजे लोकरीतील केराटिन या प्रथिनाची साखळी मुळात दुमडलेली असली पाहिजे. या न ताणलेल्या रूपाला त्यांनी ‘अल्फा’ म्हटले. त्याच्या चित्रात ५.१ अँगस्ट्रॉमची पुनरावृत्ती ठळक होती. पण दुमड नेमकी कशी, हे सुटले नाही.

ते कोडे लायनस पॉलिंग यांनी १९४८ मध्ये ऑक्सफर्डमध्ये सर्दीने अंथरुणात पडले असताना, कागदावर साखळी काढून आणि कागदाला घड्या घालून सोडवले. अमिनो आम्लांना जोडणारा पेप्टाइड बंध सपाटच राहतो हे त्यांनी धरून ठेवले आणि एका वेढ्यात अमिनो आम्लांची संख्या पूर्णांकच असावी ही अट सोडून दिली. वेढ्यात ३.६ आम्ले आली. वेढ्याची उंची मात्र ५.४ अँगस्ट्रॉम निघाली. अ‍ॅस्टबरींच्या आकड्याशी ती जुळेना, म्हणून पॉलिंग यांनी प्रसिद्धीची घाई केली नाही. सहकारी कोरी आणि ब्रॅन्सन यांच्यासह शोधनिबंध १९५१ मध्ये आला. केंब्रिजच्या ब्रॅग, केंड्र्यू आणि पेरुत्झ यांनी आदल्याच वर्षी पूर्णांकी वेढ्यांच्या रचना मांडल्या होत्या. ५.४ अँगस्ट्रॉमच्या वेढ्यात ३.६ आम्ले, म्हणजे दर आम्लामागे १.५ अँगस्ट्रॉमचा चढ; पॉलिंगचा निबंध वाचून पेरुत्झ यांनी घोड्याच्या केसात या १.५ ची खूण शोधली आणि ती सापडली. ५.१ चा उलगडा पुढे झाला: केराटिनमध्ये ही मळसूत्रे एकमेकांभोवतीही वळलेली असतात.

कातड्याचे प्रथिन, कोलॅजेन, या रचनेत बसत नव्हते. मद्रास विद्यापीठात १९५२ मध्ये भौतिकीचे प्रमुख झालेल्या जी. एन. रामचंद्रन यांचे लक्ष त्याकडे वळले, ते भेटीस आलेल्या जे. डी. बर्नाल यांच्या बोलण्यातून. केंद्रीय चर्म संशोधन संस्था जवळच होती. तिच्यामार्फत कांगारूच्या शेपटीतील कंडरा मिळाली. गोपीनाथ कर्था यांच्यासह रामचंद्रन यांनी १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये तीन साखळ्यांची रचना मांडली. कोलॅजेनमधील सुमारे एक तृतीयांश आम्ले ग्लायसिन असतात, कारण प्रत्येक तिसऱ्या जागी, तिन्ही साखळ्या भिडतात तेथे, याहून मोठे आम्ल मावत नाही. १९५५ मध्ये त्यांनी रचना सुधारली. प्रत्येक साखळी डावीकडे वळलेली आणि तिन्ही मिळून उजवीकडे; दोरखंडात सुताचा पीळ आणि दोराचा पीळ जसे उलट असतात, तसे.

अ‍ॅलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक यांनी आक्षेप घेतला: मद्रासच्या रचनेप्रमाणे दर तीन आम्लांमागे साखळ्यांना बांधणारे दोन हायड्रोजन बंध मानल्यास काही अणू फार जवळ येतात, बंध एकच हवा. या मुद्द्यावर त्यांचेच म्हणणे टिकले, तरी तिहेरी मळसूत्राची मूळ कल्पना मद्रासची, हे श्रेय ठामपणे नोंदवायला हवे. शिवाय त्या वादातूनच अणू किती जवळ येऊ शकतात याचा काटेकोर हिशेब मद्रासमध्ये सुरू झाला. रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्यासह १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेला रामचंद्रन-नकाशा साखळीच्या दोन कोनांवरून कोणते वळण शक्य आहे ते दाखवतो. प्रथिनाची नवी रचना तपासताना आजही तो वापरला जातो. कोलॅजेनसदृश पेप्टाइडच्या स्फटिकात १९९४ मध्ये तिहेरी मळसूत्र अणूअणूसह दिसले. बंध दर तीन आम्लांमागे एकच होता.