रुमालात बांधलेला गाव

मागच्या धाग्यात मोडी लिपीविषयी लिहिले, तेव्हा बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला : "आमच्या घरी माळ्यावर जुने कागद आहेत. त्यांचे काय करावे?" उत्तर देते, पण शेवटी. आधी हे कागद घरात राहिले कसे आणि घराबाहेर आले कसे, ते पाहू. महाराष्ट्राचा इतिहास सरकारी दप्तरांइतकाच घराघरांतल्या फडताळांनी जपला आहे. आणि फडताळात ज्याला जागा मिळाली नाही, ते इतिहासातूनही फार काळ बाहेरच राहिले.

प्रबंधाच्या कामासाठी सातारा जिल्ह्यातील एका गावी गेले होते. घरातील आजोबांनी फडताळातून तांबडा रुमाल काढला, ओसरीवर ठेवला, पण गाठीवरचा हात उचलला नाही. म्हणाले, "वाचायचं ते वाच. पण आधी सांग, ह्यातनं कुणाची जमीन निघायची न्हाई ना?"

तेव्हा हसू आले. नंतर जाणवले की हा प्रश्न फार जुना आहे.

घरांनी कागद राखले ते इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे. इनामाची सनद, वतनाचा महजर, वाटणीपत्र, कर्जरोखा हे सारे हक्काचे पुरावे होते. कागद गेला की हक्क गेला. पुढे इंग्रज सरकारने १८५२च्या कायद्यानुसार इनाम कमिशन नेमले आणि करमाफ जमिनींच्या हक्काची कसून तपासणी सुरू झाली. ज्यांचा पुरावा अपुरा ठरला, त्यांचे इनाम गेले किंवा घटले. त्यामुळे कागद जिवापाड जपावा आणि परक्याच्या दृष्टीस पडू देऊ नये, अशी दुहेरी सवय या घरांना लागली. आजोबांचा हात गाठीवर होता, तो या सवयीचा.

अशा बंद रुमालांपुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही माणसे जाऊन बसू लागली. १८७८ साली पुण्यात 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक निघाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांनी ते सुरू केले आणि त्यातून बखरी व जुने कागद प्रथमच सामान्य वाचकांच्या हाती नेमाने पडू लागले. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे शाळेत संस्कृत शिकवीत आणि उरलेल्या वेळात पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे निवडून, लावून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापीत. ना राजाश्रय, ना विद्यापीठ. शाळामास्तरांचा हा उद्योग आपल्या इतिहासलेखनाचा पाया ठरला.

आणि अर्थातच विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. त्यांच्याविषयी आख्यायिका इतक्या आहेत की माणूसच दिसेनासा होतो; त्या मी येथे सांगत नाही. काम पुरेसे बोलके आहे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८मध्ये निघाला. पानिपतपूर्व काळातील पत्रे त्यात आहेत. मालेचे पुढे एकूण २२ खंड झाले. त्यासाठी ते गावोगाव हिंडले, दारोदार विनवण्या केल्या. बखर घटनेनंतर रचली जाते, पत्र घटनेच्या वेळी लिहिले जाते. म्हणून पत्रावर भिस्त ठेवावी, हा त्यांचा आग्रह होता. आज तो साधा वाटतो. त्या काळी तो अनेकांना झोंबला.

७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. मंडळाचा मला सर्वांत भावणारा भाग म्हणजे तेथील पाक्षिक सभा. कोणी एखादे नवे पत्र आणावे, चार ओळींचे का असेना टिपण वाचावे, इतरांनी तिथी तपासावी, नाव ओळखावे, चूक दाखवावी. वाचणारा कोणी वकील, कोणी शिक्षक, कोणी कारकून. राजवाड्यांचे मंडळाशी फार काळ जुळले नाही. ते धुळ्यास गेले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच वारले. लगोलग १९२७मध्ये धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे केले. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव रामदासी मठांतून बाडे गोळा करीत होते. दुसरीकडे पुण्यातच असलेले पेशवे दफ्तर, म्हणजे सरकारच्या ताब्यातला कागदांचा डोंगर, देशी अभ्यासकांना दीर्घकाळ बंद होते. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातून निवडलेले ४५ खंड निघाले ते १९३० ते १९३४ या काळात. म्हणजे सरकारी दार नीट उघडण्याच्या कितीतरी आधी लोकांनी आपापल्या घरांची दारे, कुरकुरत का होईना, उघडली होती.

पण कोणाची घरे?

रुमाल असतो तो देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, इनामदार, सावकार यांच्याकडे. यावर लगेच "हा तर वरच्यांचाच इतिहास" असा शेरा मारला जातो. तो अर्धाच खरा आहे. एखादा महजर वाचून पाहा. वतनाचा तंटा पडला की गोतसभा बसे, पाटील-कुलकर्ण्यांबरोबर बलुतेदारही साक्षीला येत. ज्याला लिहिता येत नसे तो आपली निशाणी करी : कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा. शिवेचा वाद असेल तर महाराची साक्ष मोलाची मानली जाई, कारण शीव त्याच्या पायाखालची. एका पानावर अख्खा गाव बोलतो.

मात्र बोलून झाल्यावर तो कागद जाई वतनदाराच्या घरी. ज्याच्या साक्षीवर शीव ठरली, त्याच्या घरात त्याची नक्कल नसे. माझ्या मते खरी खोच येथे आहे. या माणसांचा आवाज कागदात आहे, पण कागद त्यांच्या ताब्यात नाही; आणि त्यांना कधी, काय विचारायचे, हे दुसऱ्याने ठरवलेले.

या खोचेला उत्तर मिळायला बराच काळ जावा लागला. १९८९मध्ये ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' प्रसिद्ध झाले. आंबेडकरी चळवळीत उतरलेल्या स्त्रियांचा शोध घेत त्या दोघी घरोघर गेल्या. राजवाड्यांसारखीच ही पायपीट, पण रुमाल सोडायला नव्हे. येथे मुलाखती घ्यायच्या होत्या. महाडचा सत्याग्रह, नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह यांविषयी वाचताना जी गर्दी आपण निनावी समजत होतो, तिच्यातील बायकांना त्या पुस्तकाने नावे आणि आयुष्ये दिली. साधारण त्याच काळात हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेड्यापाड्यांतील जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. हा संग्रह एक लाखाच्या वर गेला आहे. माहेर, सासर, भाऊ, दुष्काळ, विठ्ठल आणि बाबासाहेबसुद्धा त्यात आहेत.

पुन्हा त्या ओसरीवर येते. दोन दिवस रुमाल वाचला. शेतसाऱ्याच्या पावत्या, चार कर्जरोखे, एक वाटणीपत्र आणि लग्नाच्या दोन याद्या. यादीत वरमाईच्या लुगड्याची किंमत होती, वरमाईचे नाव नव्हते. आजी पलीकडे शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "त्यात आमचं कुणाचं नाव घावायचं न्हाई, पोरी." आणि सासू, आजेसासू, तिची सासू अशी चार पिढ्यांची नावे माहेरच्या गावांसकट सांगून मोकळ्या झाल्या. वाटणीपत्राची तारीख मला लागत नव्हती. त्यातील धाकटी पाती वेगळी का निघाली, हे त्यांनी सांगितले तेव्हा तीही लागली.

आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. पावसाळ्यात रुमाल सोडू नका. कागद उन्हात वाळवू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. ज्या क्रमाने कागद बांधलेले आहेत तो क्रम मोडू नका. शेजारचा कागदही पुरावा असतो. सावलीत, फ्लॅश न वापरता, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्या आणि त्यांना क्रमांक द्या. कागद कोणालाही देऊन टाकायची गरज नाही; छायाचित्रांवरून वाचन होते. मोडी वाचणारे आज पुष्कळ आहेत, शिकवणारेही आहेत. आणि रुमाल सोडाल त्या दिवशी घरातील सर्वांत वयस्क बाईला शेजारी बसवा, फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करा.

आजोबांनी रुमाल पुन्हा बांधला आणि फडताळात ठेवला. निघताना आजींनी मला थांबवून विचारले, मी त्यांची चार नावे लिहून घेतली ती वही कुठे ठेवणार आहे. मी वहीचे ते पान उतरवून काढले आणि त्यांना दिले. तेही आता त्याच रुमालात आहे.