फोटोत काय घालायचं?

तर झालं असं, की येत्या मे महिन्यात आजीला ८५ पूर्ण होतायत आणि त्यानिमित्तानं सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचं ठरलं. डोंबिवलीचे आम्ही, ठाण्याचे काका, कल्याणची आत्या, एकूण चौदा माणसं. जागा ठरली उपवन तलाव, वेळ सकाळी सात, कारण त्यानंतर उभं राहवत नाही. गाडी अडली ती कपड्यांवर. फोटोग्राफर म्हणाला, "सगळे ऑफ-व्हाइट कॉटनमध्ये या, उन्हाळ्यात छान दिसतं." वहिनी खूश, काका नाराज, आणि आजी गप्प.

आजी गप्प बसणाऱ्यातली नाही. पण ते नंतर. आधी, या निमित्तानं शनिवार-रविवार घालवून जे वाचलं ते सांगतो.

आपल्याकडे आगगाडी आणि कॅमेरा साधारण बरोबरच आले. ठाण्याला गाडी १८५३ मध्ये आली, कल्याणला १८५४ मध्ये, आणि त्याच १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथले एक सुरुवातीचे हौशी फोटोग्राफर.

तेव्हाचं तंत्र म्हणजे ओल्या काचेचं. काचेवर रसायन ओतायचं आणि ते ओलं आहे तोवर फोटो काढून धुवायचासुद्धा. हाताशी जेमतेम दहा-एक मिनिटं, आणि आपल्या उन्हाळ्यात त्याहून कमी! दिवे नव्हते, त्यामुळे उजेडासाठी स्टुडिओला काचेचं छप्पर. त्याखाली कोट, उपरणं, पगडी घालून काही सेकंद हलायचं नाही. जुन्या फोटोत कुणी हसत का नाही, याचं निम्मं उत्तर मला इथं मिळालं.

पण खरी गंमत रंगांची. त्या काचेला फक्त निळा-जांभळा प्रकाश 'दिसायचा'. त्यामुळे निळी साडी फोटोत जवळजवळ पांढरी, आणि लाल, केशरी, पिवळं सगळं काळपट. म्हणजे लाल कुंकू काळं आणि हळदीचा रंगही काळपट. आपला गव्हाळ रंग होता त्यापेक्षा सावळा यायचा. १८७३ मध्ये बर्लिनच्या फोगेलनं रसायनात रंग मिसळून काचेला हिरवंही दाखवलं. लाल नीट दिसणाऱ्या काचा बाजारात आल्या १९०६ मध्ये, आणि त्या सर्रास व्हायला आणखी वीसेक वर्षं गेली.

थोडक्यात, फोटोसाठी काय घालायचं हे आधी रसायन ठरवायचं, मग माणूस.

माणसानं ठरवलं तर काय होतं, त्याचं उदाहरण आमच्या कल्याणचंच आहे. आनंदीबाई जोशी १८६५ मध्ये जन्मल्या. १८८३ मध्ये डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला जाताना त्यांनी जाहीर सांगितलं होतं, की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. तिथल्या थंडीत नऊवारीनं पाय उघडे पडायला लागले, तेव्हा त्या गुजराती पद्धतीनं साडी नेसायला लागल्या. पण साडी सोडली नाही. फिलाडेल्फियात १० ऑक्टोबर १८८५ ला काढलेला त्यांचा फोटो प्रसिद्ध आहे: साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशी पोशाखातल्या सीरियाच्या सबात इस्लामबुली. तिघी एकाच कॉलेजच्या. या फोटोत रंग नाहीत, पण आपण कोण म्हणून दिसायचं हे तिघींचंही ठरलेलं आहे.

हे सगळं मी आजीला सांगत होतो. ती उठली आणि कपाटातून स्वतःच्या लग्नाचा फोटो घेऊन आली. १९६० चा, कृष्णधवल. शालू गडद करडा.

"कुठला रंग असेल सांग."

मी म्हटलं, हिरवा? तेव्हाच्या फिल्मला सगळे रंग दिसायचे खरे, पण गडद लाल आणि गडद हिरवा दोन्ही एकाच करड्या रंगात उतरायचे.

"लाल होता रे. लालभडक. आता ते माहीत असणारी मी एकटीच उरले."

आजोबा १९९४ मध्ये गेले. तेव्हापासून आजी फिकट साड्या नेसते. कुणी तसं सांगितलं नव्हतं. पण 'असं नको करूस' असंही आमच्यापैकी कुणी म्हटलं नाही, हे खरं. आणि आता आम्ही तिला ८५ व्या वाढदिवसाला काय घालायला सांगत होतो? ऑफ-व्हाइट!

मी विचारलं, "आजी, फोटोत लाल नेसशील?"

"या वयात?" असं म्हणाली. मग थोड्या वेळानं, "सुती असली तर बघ. शालूबिलू नको, उकडतं."

तर आता ठरलंय असं: बाकी तेरा जण ऑफ-व्हाइट, मध्ये आजी लाल इरकलीत. रंगीत फोटो आहे, सत्तर वर्षांनी कुणाला विचारावं लागणार नाही.

असो. काकांना मात्र अजून पटवायचंय. त्यांना ब्लेझर घालायचाय. मे महिन्यात!