गढीतले भूत आणि ब्लॅकवुडचा वाडा

भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी. जालना जिल्ह्यातील या तालुक्यांत एखाद्या जुन्या गावी जाऊन गढीची चौकशी केली, तर बहुधा तीन गोष्टी ऐकायला मिळतात. गढीतून एक भुयार निघते आणि ते थेट देवगिरीला जाते. गढीच्या पोटात धन पुरलेले आहे आणि त्यावर नाग बसलेला आहे. आणि अमावास्येला तिथे कुणीतरी चालते.

भुयाराचा दावा तर मराठवाड्यातील इतक्या गावांत केला जातो, की तो खरा मानल्यास देवगिरीचा पायथा चाळणीसारखा दिसायला हवा.

गढ्या ओस पडल्या त्यामागे मात्र भुताखेतांचा हात नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिऱ्या रद्द करण्यात आल्या. ज्या उत्पन्नावर गढीचे दिवे जळत होते, ते आटले. माणसे शहराकडे गेली, बुरूज ढासळले, आणि गावकरी धाब्याच्या घरांवर घालण्यासाठी गढीची पांढरी माती टोपल्याटोपल्यांनी उचलून नेऊ लागले. रिकामे घर, तुटलेली सत्ता आणि उत्तर नसलेला आवाज एवढे जमले की दंतकथेला आणखी काही लागत नाही.

या थ्रेडचा विषय असेच एक रिकामे घर आहे. ते संगणकाच्या पडद्यावर आहे आणि अर्जेंटिनात बांधले गेले आहे.

२००६ मध्ये 'स्क्रॅचेस', म्हणजे ओरखडे, या नावाचा एक भयखेळ प्रसिद्ध झाला. न्यूक्लिओसिस या अगदी छोट्या चमूचा तो खेळ. अगुस्तिन कॉर्देस आणि अलेहांद्रो ग्रासियानी हे त्याचे प्रमुख कर्ते. कथा १९७६ सालची आहे. मायकेल आर्थेट नावाचा भयकथालेखक नवी कादंबरी लिहिण्यासाठी इंग्लंडच्या ग्रामीण भागातील ब्लॅकवुड वाड्यात राहायला येतो. घरात वीज नाही. सोबतीला कुणी नाही. रात्री कुठूनतरी खरवडल्याचा आवाज येतो.

खेळाची घडण समजून घेतल्याशिवाय त्यावरील मतांचा अर्थ लागत नाही. 'पॉइंट अँड क्लिक' प्रकारात खेळाडू धावत नाही, गोळी झाडत नाही. आधीच रंगवून ठेवलेल्या स्थिर चित्रात तो उभा असतो. माऊसने दाराकडे बोट दाखवून टिचकी मारली की पुढचे चित्र येते. ड्रॉवरवर मारली की ड्रॉवर उघडतो. दोन चित्रांच्या मध्ये काय घडले हे पडदा दाखवत नाही. छोट्या चमूला ही रीत परवडते, कारण हलती माणसे घडवण्याचा खर्च वाचतो. भीतीलाही ती मानवते. मागे वळलो तर काय दिसेल हे वळेपर्यंत ठाऊक नसते, आणि मधला तो क्षण खेळाडूने स्वतःच्याच कल्पनेने भरायचा असतो.

ही रीत तेव्हाही नवी नव्हती. १९८० च्या 'मिस्टरी हाऊस'मध्ये रेघोट्यांनी काढलेला वाडा होता आणि आज्ञा टंकलिखित कराव्या लागत. १९८६ च्या 'अनइन्व्हायटेड'मध्ये माऊस आला. १९९३ च्या 'द सेव्हन्थ गेस्ट'ने सीडी-रॉमची विक्री वाढवली असे म्हणतात. १९९५ चा 'फँटासमागोरिया' सात सीडींवर आला आणि ऑस्ट्रेलियाने त्याला प्रमाणपत्रच नाकारले. त्यानंतर त्रिमितीय, वेगवान खेळांची लाट आली आणि स्थिर चित्रांचे खेळ कालबाह्य ठरवले गेले. तरीही जोनाथन बोक्स या इंग्रज कलावंताने जवळजवळ एकट्याने 'डार्क फॉल' केला, आणि त्यात एका ओसाड रेल्वे स्थानकात व हॉटेलात भूतकाळ वावरताना दाखवला. 'स्क्रॅचेस' याच उशिराच्या, हट्टी परंपरेतला आहे.

खेळाडूंनी त्याच्याविषयी जे म्हटले, ते इतिहासाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावे असे आहे. स्तुती आणि तक्रार या दोहोंचा विषय एकच आहे, आणि तो म्हणजे खेळाचा संथपणा.

एका बाजूचे म्हणणे असे: काहीच घडत नाही. तासभर खोल्या धुंडाळायच्या, कपाटे उघडायची, जुनी पत्रे वाचायची. एखादी क्षुल्लक वस्तू पाहायची राहून गेली तर कथा जागची हलत नाही, आणि अडले कुठे हेही कळत नाही. दुसऱ्या बाजूचे उत्तर असे: काही घडत नाही म्हणूनच भीती वाटते. दिवसभर त्याच खोल्यांतून फिरल्याने घर ओळखीचे होते. मग रात्री त्याच ओळखीच्या जिन्याखालून आवाज आला की अंगावर काटा येतो. दोघांनी खेळ एकच खेळला, आणि त्याचे वर्णनही दोघांनी अचूकच केले.

पहिल्या बाजूच्या तक्रारीला मराठीत एक जुना शब्द आहे: चकवा. रात्री शेतातून घरी निघालेला माणूस त्याच बांधावर पुन्हा पुन्हा येऊन पोहोचतो, वाट ओळखीची असूनही सापडत नाही. जुनी माणसे सांगत, अशा वेळी जागच्या जागी बसावे, उजाडू द्यावे. अडलेल्या खेळाडूची अवस्था हुबेहूब हीच असते. त्याच्यापाशी मात्र एक सोय आहे, जी चकवा लागलेल्या शेतकऱ्यापाशी नव्हती: कुणीतरी लिहून ठेवलेली संपूर्ण उकल. ती उघडावी की नाही यावर या खेळांच्या चाहत्यांत वर्षानुवर्षे वाद झालेला आहे. उकल वाचली की वाट सापडते आणि घर निव्वळ घर उरते. न वाचली तर भीती टिकते, पण कित्येकदा माणूस कंटाळून खेळच सोडून देतो. या वादात दोन्ही पक्षांचे थोडे खरे आहे. तरी एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी: अडण्याचे कारण कथेत असेल तर तो चकवा, आणि रचनाकाराने वस्तू चित्राच्या कोपऱ्यात दडवल्यामुळे असेल तर तो केवळ त्रास. 'स्क्रॅचेस'मध्ये दोन्ही आहेत.

मते काळाबरोबर बदलतात, आणि खेळ मात्र तोच राहतो. २००६ मध्ये 'स्क्रॅचेस'ची तुलना त्या वर्षीच्या झगमगीत खेळांशी होत होती. स्थिर चित्रे म्हणजे मागासलेपण असा समज होता. पुढे २०१० मध्ये 'अम्नेशिया'ने शस्त्राविना लपत फिरणारा नायक लोकप्रिय केला, आणि असहायता हाच भयाचा गाभा आहे हे म्हणणे सर्वमान्य झाले. मग जुन्या संथ खेळांकडे आदराने पाहिले जाऊ लागले. याच सुमारास खेळण्याऐवजी दुसऱ्याला खेळताना व्हिडिओत पाहण्याची रीतही रुळली. एकट्याने अंधाऱ्या खोलीत घेण्याची भीती पुन्हा चारचौघांत आली. पारावर बसून गढीची गोष्ट ऐकणाऱ्यांना, किंवा २००५ नंतरच्या वर्षांत मराठवाड्यातील लांबलचक भारनियमनात कंदिलाभोवती जमणाऱ्यांना, यात नवल वाटू नये.

मराठी प्रेक्षकांना याचे अगदी जवळचे उदाहरण ठाऊक आहे. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या भयकथेच्या बीजावरून राही अनिल बर्वे यांनी 'तुंबाड' केला. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आलेले. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो पडद्यावर आला आणि त्याला मर्यादित प्रतिसाद मिळाला. सप्टेंबर २०२४ मध्ये तोच चित्रपट पुन्हा लावला गेला, आणि पुनःप्रदर्शनाची कमाई मूळ कमाईच्या पुढे गेली. पाऊस तोच, वाडा तोच. मधल्या सहा वर्षांत बदलले ते पाहणारे. (त्याचे संगीतकार येस्पर किड हे 'हिटमॅन' आणि 'असॅसिन्स क्रीड' या खेळांच्या संगीतासाठी जगभर ओळखले जातात. खेळ आणि वाडा यांची सोयरीक अशीही आहे.)

आता मुख्य मुद्दा. वेग, कोडी, चित्रे आणि शेवट यांवर खेळाडूंनी पुष्कळ लिहिले. शेवटावर तर एवढी चर्चा झाली, की २००७ च्या सुधारित आवृत्तीत एक पर्यायी शेवट जोडला गेला. भीती मुळात कुठून आली, हा प्रश्न मात्र या चर्चेत मागे राहिला. जालन्यातून पाहिले तर तोच आधी नजरेत भरतो.

ब्लॅकवुड वाड्याचा जुना मालक हा आफ्रिकेत काम करून परतलेला अभियंता आहे. त्याने तिथल्या एका जमातीचा मुखवटा घरी आणलेला आहे, आणि घरावरील सावट त्या मुखवट्याशी जोडलेले आहे. (जमात काल्पनिक आहे. शेवट इथे सांगितलेला नाही. ज्यांना खेळायचे आहे त्यांनी निर्धास्त पुढे वाचावे.) साहेब दूरच्या देशात जातो, तिथली पवित्र वस्तू उचलतो, आणि शाप त्याच्यामागून घरी येतो. ही गोष्ट कॉर्देस यांनी शोधलेली नाही. इंग्रजी भयसाहित्यात ती शतकाहून अधिक काळ फिरत आहे, आणि तिचा एक पाय आपल्याकडे आहे.

विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' ही कादंबरी १८६८ ची. तिची सुरुवात १७९९ मधील श्रीरंगपट्टणच्या लुटीने होते. टिपू पडतो, एक इंग्रज अधिकारी हिरा पळवतो, आणि हिऱ्याबरोबर अरिष्ट इंग्लंडच्या घरात शिरते. कादंबरी कल्पित आहे, पण लूट खरी होती. त्या मोहिमेतील एक अधिकारी, ज्याच्याकडे पडलेल्या श्रीरंगपट्टणचा कारभार सोपवण्यात आला, तो होता आर्थर वेलस्ली. चारच वर्षांनी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, तोच वेलस्ली आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे, केळणा आणि जुई नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या भूमीवर शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांसमोर उभा होता. लढाई त्याने जिंकली, पण त्याच्या सैन्यातील दीड हजारांहून अधिक लोक ठार किंवा जखमी झाले. तोफा अंगावर घेत पुढे गेलेल्या पलटणी त्या रात्री रणभूमीवर मेलेल्यांच्या शेजारीच पडून राहिल्या.

या भूमीवरून पाहणाऱ्याला शापित मुखवट्याची गोष्ट उलट्या बाजूने दिसते. तिथे भयाचे मूळ 'त्यांच्या' देवात आहे, 'त्यांच्या' विधीत आहे. वस्तू उचलून नेणारा हात गोष्टीत असतो, पण घाबरायचे ते मुखवट्याला. गढीची गोष्ट असे करत नाही. गढीतला नाग म्हणजे बहुधा धन पुरणारा मालकच असतो, पैशावरचा जीव न सुटल्याने तिथेच राहिलेला. 'तुंबाड'मध्येही लोभ बाहेरून येत नाही. तो बापाकडून मुलाकडे उतरतो. धान्य कुणी साठवले, सारा कुणी वसूल केला, वेठीला कोण गेले, हे सारे विसरल्यावरही गाव त्या जागी रात्री जायला का टाळते, याचे उत्तर त्या नागात शिल्लक असते.

म्हणून खेळाडूंची मते ही इतिहासाची साधने मानायची, तर त्यांत काय नाही तेही नोंदवले पाहिजे. २००६ च्या खेळाडूला मुखवटा खटकला नाही, कारण त्याच्या वाचनात, चित्रपटांत तो नेहमीच भिंतीवर टांगलेला होता. यात खेळाडूचा दोष काढण्यात अर्थ नाही. आणि मुखवटा खटकूनही 'स्क्रॅचेस' भिववतो, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. जिन्याखालचा तो आवाज कुठल्याच साम्राज्याचा नाही.

सुधारित आवृत्तीत 'द लास्ट व्हिजिट' नावाचे एक छोटे प्रकरणही जोडलेले आहे. मूळ घटनांना बरीच वर्षे झाली आहेत आणि ब्लॅकवुड वाडा पडका, लुटला गेलेला आहे. ज्यांनी आधीचा खेळ संथ म्हणून नापसंत केला, त्यांना या प्रकरणात करण्यासारखे आणखीच कमी सापडते. ज्यांना तो आवडला होता, त्यांना ओळखीच्या खोल्या मोडलेल्या पाहून वेगळीच हळहळ वाटते. पांढरी माती वाहून नेलेली गढी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ती समजावून सांगावी लागणार नाही.

कॉर्देस यांचा पुढचा मोठा खेळ 'असायलम'. २०१३ मध्ये लोकवर्गणीतून त्यासाठी पैसा उभा राहिला आणि खेळ प्रत्यक्षात आला मार्च २०२५ मध्ये. तिथेही तीच टिचकी, तेच लांबलचक कॉरिडॉर. तोच संथपणा, आणि त्यावर तशीच दुभंगलेली मते. यातला नायक मात्र परदेशातून काही घेऊन आलेला नाही. तो त्या मनोरुग्णालयाचाच जुना रुग्ण आहे, आणि आपल्यावर तिथे काय गुदरले हे शोधायला परत आलेला आहे.